सरकते आसन की सरकता रिगर?



शुऐबा म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या कारखान्यांच्या चिमण्या, तेलाच्या टाक्या आणि बंदरातल्या क्रेन. इथे आपल्या लोकांत खेळाचा विषय निघालाच तर तो क्रिकेट आणि बॅडमिंटनच्या पुढे फारसा जात नाही. पण समुद्र दाराशी आहे, आणि जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने कोपऱ्यातले ते लांबट रोइंग मशीन पाहिलेले आहे. शिवाय नाशिक जिल्ह्यातला आपला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला, तेव्हापासून रोइंग हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसू लागला आहे. तेव्हा या वेळी आम्ही हा जरा वेगळा विषय घेतला आहे.

आम्ही काही रोइंगचे खेळाडू नव्हे. इथल्या उद्योगांची संगणक यंत्रणा सांभाळणारे आम्ही नोकरदार, पदवी मात्र इंजिनिअरिंगची. म्हणून होडीकडेही यंत्र म्हणूनच बघतो. आणि या यंत्राच्या इतिहासात एक विलक्षण प्रकरण आहे. एक सुधारणा आली, ती चालली, जगज्जेता तिच्यावर बसून जिंकला, दोन वर्षांत पहिल्या फळीतल्या सगळ्यांनी ती उचलली, आणि मग तिच्यावर बंदी आली. ती निकामी ठरली म्हणून नव्हे, तर चांगली ठरली म्हणून! ही बंदी बरोबर होती का? आम्हाला वाटते, होती. का ते समजण्यासाठी आधी होडीत नीट बसावे लागेल.

होडीचे चार भाग

शर्यतीच्या होडीत एकटा माणूस दोन वल्ही घेऊन बसतो, त्या प्रकाराला सिंगल स्कल म्हणतात. ही होडी साधारण आठ मीटर लांब आणि इतकी अरुंद असते की बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा फार रुंद नसते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिचे वजन कमीत कमी १४ किलो असावे लागते. म्हणजे विमानात आपण जी तीस किलोची बॅग घेऊन गावी जातो, तिच्या निम्म्याहून कमी. त्यात बसणारा माणूस मात्र ऐंशी-नव्वद किलोचा. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. त्याच्यासाठी होडीत चार गोष्टी महत्त्वाच्या:

१. होडीचे अंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारा मूळ सांगाडा.
२. आसन, ज्यावर तो बसतो.
३. पायफळी, जिला बूट जोडलेले असतात आणि जिच्यावर पाय रोवून तो जोर लावतो.
४. रिगर, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर निघालेली धातूची किंवा कार्बनची चौकट. तिच्या टोकाला वल्हे अडकवायची कडी असते. होडी अरुंद असली तरी वल्ह्याचा टेकू लांब मिळावा म्हणून ही चौकट.

आपल्या कोकणातल्या होडीत यातले आसन म्हणजे आडवी फळी, आणि रिगर मुळी नाहीच. होडीच्या काठावरच्या खुंटीला वल्हे दोरीच्या वेढ्याने अडकवायचे आणि पाठ-दंडाच्या बळावर ओढायचे. कुवेतची जुनी मोती काढणारी गलबतेही अशीच. समुद्रातल्या एका मोत्याच्या पट्ट्यावरून दुसऱ्याकडे जाताना खलाशी लांबलचक वल्ही मारत, आणि त्यांना ठेका धरून देण्यासाठी नहाम नावाचा गायक बरोबर असे. ही गलबते मलबारच्या सागवानाची, मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई, आणि गलबताचा प्रमुख तो नोखदा. आपल्या कोळ्यांचा नाखवा आणि हा नोखदा एकाच फारसी शब्दाची लेकरे!

या सगळ्या होड्यांत एक गोष्ट समान आहे. माणूस एका जागी बसलेला असतो. म्हणजे शरीरातले सर्वांत ताकदवान स्नायू, मांड्यांचे, जवळजवळ बिनकामाचे राहतात.

आसन सरकू लागले

पाय कामाला लावायचे तर गुडघे वाकवून पुढे यायला हवे आणि मग पाय ताणत मागे जायला हवे. त्यासाठी बूड सरकायला हवे. एकोणिसाव्या शतकात काही खेळाडूंनी याचा अगदी देशी उपाय काढला होता: गुळगुळीत पाटाला चरबी फासायची, चामड्याची चड्डी घालायची आणि घसरायचे. त्या चड्डीचे आणि चड्डीतल्या माणसाचे काय होत असेल ते वाचकांनीच ताडावे.

मग अमेरिकेत १८७० च्या सुमारास जे. सी. बॅबकॉक आणि इतर मंडळींनी रुळांवर सरकणारे आसन शर्यतीत आणले. १८७३ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या लंडनमधल्या प्रसिद्ध शर्यतीत दोन्ही संघ पहिल्यांदा सरकत्या आसनांवर बसले, आणि केंब्रिजने ती शर्यत २० मिनिटांच्या आत जिंकली. तेव्हापासून आजपर्यंत शर्यतीची होडी म्हणजे सरकते आसन हे समीकरण पक्के आहे. जिममधले रोइंग मशीनही त्याचीच नक्कल: पायफळी स्थिर, आसन चाकांवर.

पण या आसनाने एक नवी अडचण आणली, आणि ती पाण्यावरच दिसते, जिममध्ये नाही.

ऑफिसच्या खुर्चीवर एक प्रयोग

चाके असलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर बसा आणि पायाने भिंतीला ढकला. तुम्ही मागे जाल, भिंत हलणार नाही. आता तशाच खुर्चीवर बसून समोरच्या रिकाम्या, चाकांच्या खुर्चीला पायाने ढकला. तुम्ही थोडे मागे जाल, पण ती रिकामी खुर्ची सुसाट पळेल. न्यूटनचा तिसरा नियम: जोर दोघांवर सारखाच, पण हलके असेल ते जास्त पळते.

होडीत ती रिकामी खुर्ची म्हणजे होडीच. जिममधले मशीन जमिनीला टेकलेले, म्हणजे भिंतीसारखे. पाण्यावर मात्र ८० किलोचा माणूस १४ किलोच्या होडीत पुढे-मागे सरकतो, तेव्हा माणूस सरकतो असे म्हणण्यापेक्षा माणसाखालची होडी सरकते असे म्हणणे जास्त खरे आहे.

एका फटक्यात काय होते ते पाहा. वल्ही पाण्याबाहेर आहेत आणि वल्हवणारा पुढच्या फटक्यासाठी गुडघे वाकवत होडीच्या मागच्या टोकाकडे सरकतो आहे. त्याचे वजन मागे गेले की होडी पुढे झेपावते. म्हणूनच नवख्या माणसाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट घडते: होडीचा वेग सर्वांत जास्त असतो तो वल्ही हवेत असताना! मग वल्ही पाण्यात पडतात, पाय फळीवर जोर देतात, आणि त्या क्षणी होडी मागे ढकलली जाऊन तिचा वेग एकदम पडतो. फटक्याच्या जोराने तो पुन्हा वाढतो. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा हे चक्र चालते. काठावरून होडी एकसारखी वाहताना दिसते, पण ती दर फटक्याला धावत आणि अडखळत असते.

या चढउताराची किंमत

सरासरी वेग तेवढाच राहिला तर चढउताराने काय बिघडते? मुंबईत गर्दीच्या वेळी गाडी चालवलेल्यांना हे सांगायला नको. ताशी ४० च्या एकसारख्या वेगाने जाणारी गाडी आणि सतत ब्रेक-ॲक्सिलरेटर करत सरासरी ४० गाठणारी गाडी, पेट्रोल कुणाला जास्त लागते?

पाण्यात तर हे अधिकच खरे. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे. म्हणजे जोरात पळताना जे जादा खर्च होते, ते हळू जाताना वाचत नाही.

आम्ही एक छोटा हिशेब मांडला. समजा, होडीचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर आहे. एकसारखी गेली तर पाचाचा घन, १२५. आता समजा ती अर्धा वेळ ५.७ ने आणि अर्धा वेळ ४.३ ने जाते. दोन घनांची सरासरी येते १३२. म्हणजे त्याच सरासरी वेगासाठी सुमारे ६ टक्के जादा शक्ती. हाच चढउतार निम्मा केला, म्हणजे ५.३५ आणि ४.६५, तर सरासरी येते जवळपास १२७. जादा खर्च फक्त दीड टक्का.

वाचलेले चार-साडेचार टक्के वेगात रूपांतरित केले तर वेग वाढतो सुमारे १.४ टक्का, कारण पुन्हा तोच घन आडवा येतो. ऐकायला किरकोळ! पण ऑलिंपिकची शर्यत २००० मीटरची असते. या वेगाने तिला ४०० सेकंद लागतात. त्यातले पाच-सहा सेकंद वाचतात. म्हणजे पंचवीस मीटरहून अधिक, तीन होड्यांची लांबी. हे आकडे आमच्या ढोबळ गृहीतकांचे आहेत. प्रत्यक्षात घर्षण आणि जादा भागांचे वजन यांमुळे फायदा यापेक्षा कमी होईल. पण जिथे पदके एका सेकंदाच्या आत ठरतात, तिथे निम्मा फायदाही खूप झाला.

मग रिगरच का सरकवू नये?

आता मूळ मुद्दा. नीट पाहिले तर वल्हवणाऱ्याला हवे असते ते एवढेच, की त्याचे बूड आणि पायफळी यांतले अंतर कमी-जास्त व्हावे. पायफळी आणि वल्ह्याची कडी यांतले अंतर कायम राहिले पाहिजे, नाहीतर फटक्याची मापे बिघडतात. मग ही अट दोन प्रकारांनी पाळता येते.

पहिला प्रकार: पायफळी आणि रिगर होडीला घट्ट, आसन मोकळे. हे सरकते आसन.

दुसरा प्रकार: आसन होडीला घट्ट, आणि पायफळी व रिगर एकाच चौकटीत जोडून ती चौकट चाकांवर मोकळी. हा सरकता रिगर.

वल्हवणाऱ्याच्या शरीराला दोन्हींत हालचाल जवळपास सारखीच करावी लागते. गुडघे तसेच वाकतात, पाठ तशीच झुलते, हात तसेच येतात. फरक एवढाच की पहिल्या प्रकारात होडीच्या मानाने सबंध माणूस सरकतो, आणि दुसऱ्यात सरकते ती काही किलोंची चौकट, वल्ही आणि पायांचा भाग. धड थोडे झुलते, पण बूड जागेवरच. जड वस्तू होडीशी बांधून टाकली आणि हलकी वस्तू सरकवली. त्यामुळे वेगाचा चढउतार बराच कमी होतो.

दुसरा फायदा डोलण्याचा. सरकत्या आसनावर माणूस मागे-पुढे गेला की होडीचे एक टोक दबते, दुसरे उचलले जाते. सरकत्या रिगरमध्ये वजन मध्यावर टिकून राहते, म्हणून होडी सपाट चालते आणि तिची लांबीही कमी ठेवता येते.

तोटेही आहेत. आसनाच्या चाकांवर फक्त माणसाचे वजन येते. रिगरच्या चाकांवर वल्ह्याचा सगळा ताण येतो, तोही वेड्यावाकड्या दिशांनी. रूळ, चाके आणि सांधे भक्कम हवेत, तरीही हलके हवेत. वाळू आणि खारे पाणी शिरले तर कुरकुर सुरू. म्हणूनच ही कल्पना एकोणिसाव्या शतकात सुचलेली असूनही लाकूड-लोखंडाच्या काळात ती चालली नाही. जो फायदा व्हायचा तो चौकटीच्या वजनानेच खाऊन टाकला असता. हलकी आणि ताठ साधने हाती आली, तेव्हा कुठे तिचा दिवस उगवला.

१९८१ ते १९८३: तीन वर्षांचे राज्य

पश्चिम जर्मनीत फोल्कर नोल्टे या अभ्यासकाने या रचनेवर काम केले, आणि एम्पाखर या नामांकित जर्मन कारखान्याने होडी बांधली. १९८१ मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पेटर-मिखाएल कोल्बे हा जर्मन खेळाडू सरकत्या रिगरची सिंगल स्कल घेऊन उतरला आणि जिंकला. कोल्बे काही नवखा नव्हता. १९७५ आणि १९७८ मध्येही तो जगज्जेता होता, साध्या होडीत. पण बाकीच्यांनी जे ओळखायचे ते ओळखले. बघता बघता नव्या होड्या आल्या, आणि १९८३ मध्ये ड्युइसबर्गच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सिंगल स्कलच्या अंतिम शर्यतीतले सहाच्या सहा खेळाडू सरकत्या रिगरवर बसले होते. जिंकला पुन्हा कोल्बेच.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रोइंग महासंघाने ही रचना शर्यतीतून बाद केली. आजही नियम तोच आहे: आसन होडीच्या लांबीच्या दिशेत सरकले तर चालेल, पण वल्ह्याचा भार पेलणारे भाग होडीला पक्के हवेत.

त्यामुळे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला सगळे पुन्हा सरकत्या आसनावर. तिथे फिनलंडच्या पेर्टी कार्पिनेनने कोल्बेला मागे टाकून सुवर्ण घेतले. यावरून कोल्बे केवळ यंत्राच्या जोरावर जिंकत होता असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. १९७६ मध्ये माँट्रियललाही कार्पिनेनने त्याला हरवले होते, तेव्हा दोघेही साध्याच होड्यांत होते. आणि १९८६ मध्ये साध्या होडीत कोल्बे पुन्हा जगज्जेता झाला.

चांगले होते, मग बंदी का?

इंजिनिअरला हा निर्णय पहिल्यांदा पटत नाही. आम्हालाही खटकला. चांगले तंत्र सापडले तर ते वापरायचे सोडून दारातून परत पाठवायचे? कारखान्यात कुणी असे केले तर त्याला वेड्यात काढतील.

महासंघाचे मुख्य कारण होते खर्चाचे. सरकता रिगर म्हणजे जुन्या होडीला लावायचा सुटा भाग नव्हे. त्यासाठी होडीची आतली बांधणी, आसनाची जागा, रूळ, सगळे बदलते. म्हणजे जगातल्या प्रत्येक क्लबातली, कॉलेजातली आणि संघातली होडी एका फटक्यात जुनाट ठरणार. ज्यांच्याकडे पैसा आहे ते नव्या होड्या घेणार, ज्यांच्याकडे नाही ते शर्यत सुरू होण्याआधीच तीन होड्या मागे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सरकत्या रिगरच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की होडी कमी डोलते म्हणून ती आखूड आणि सोपी बांधता येते, तेव्हा पुढेमागे ती महाग राहणार नाही. शिवाय खेळाने बाकीच्या सुधारणा कुठे अडवल्या? लाकडाच्या होड्या जाऊन कार्बनच्या आल्या. १९९१ मध्ये कुऱ्हाडीच्या पात्यासारखे रुंद, एका बाजूला झुकलेले वल्हे आले, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत ते सर्वत्र झाले. ते चालले, मग रिगर का नाही?

याचे उत्तर आपल्यातल्या संगणकवाल्यांना चटकन कळेल. काही सुधारणा जुन्या यंत्रणेवर बसतात, आणि काहींसाठी जुनी यंत्रणा मुळापासून काढून टाकावी लागते. नवे वल्हे जुन्या होडीच्या कडीत बसते. वल्हे बदलले म्हणून होडी भंगारात जात नाही. कार्बनच्या होडीबरोबर लाकडी होडी काही वर्षे तग धरू शकते. सरकत्या रिगरने मात्र मधला रस्ता ठेवला नव्हता.

यात नुकसान झालेच. १९८३ नंतर वरच्या पातळीवर या रचनेवर डोके लढवायचे कारणच उरले नाही. चाळीस वर्षांत ती किती सुधारली असती, आठ जणांच्या होडीत कशी चालली असती, हे बघायला मिळाले नाही. इंजिनिअर म्हणून याची हळहळ वाटते. पण शर्यत ही माणसांची असते, आणि ती कोण खेळू शकतो हा प्रश्न होडी किती वेगाने जाते यापेक्षा मोठा आहे.

तळेगाव रोहीचा माणूस

हे केवळ तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून आपल्याच माणसाचे उदाहरण घेऊ.

दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. हा पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा दुष्काळी भाग. वडील विहिरी खोदण्याचे काम करत. ते २०११ मध्ये गेले आणि घराची जबाबदारी दत्तूवर आली. २०१२ मध्ये तो सैन्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला आणि तिथे पहिल्यांदा त्याच्या हातात शर्यतीचे वल्हे आले. तेव्हा त्याने विशी ओलांडलेली होती. युरोपातली मुले ज्या वयात पदके जिंकतात, त्या वयात याने सुरुवात केली.

चार वर्षांत, २०१६ मध्ये, तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलला उतरला आणि १३ वा आला. तोपर्यंत कुठल्याही भारतीयाने ऑलिंपिकच्या सिंगल स्कलमध्ये एवढी मजल मारली नव्हती. २०१८ मध्ये पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत तो आजारी होता. वैयक्तिक शर्यतीत तो मागे पडला आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत त्याने सुवर्ण जिंकले. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.

आता कल्पना करा. दर काही वर्षांनी होडीची मूळ रचना बदलत राहिली असती, आणि नवी रचना ज्याच्याकडे तोच जिंकणार अशी स्थिती असती, तर उशिरा सुरुवात करणाऱ्या, सैन्याने दिलेल्या होडीवर शिकणाऱ्या माणसाला १३ वा क्रमांक तरी दिसला असता का? आजही चांगली होडी महागच आहे आणि श्रीमंत देशांचा वरचष्मा आहेच. एका नियमाने सगळे समान होत नाही. पण पुण्यात ज्या रचनेच्या होडीवर सराव केला, त्याच रचनेची होडी रिओत शेजारच्या मार्गिकेत होती. पुढचा फरक पायांचा, फुप्फुसांचा आणि मनाचा.

तुमच्या-आमच्यासाठी काय?

शर्यतीबाहेर मात्र सरकत्या रिगरवर कुणाचीच बंदी नाही. हौसेने, व्यायामासाठी वल्हवायच्या काही होड्यांत ही रचना आजही मिळते. दोन्हींची तुलना थोडक्यात अशी:

शर्यतीत उतरायचे असेल तर सरकते आसनच. दुसरा पर्याय नियमातच नाही, आणि प्रशिक्षकही त्याचेच मिळतात.

छोट्या, आखूड होडीत सरकता रिगर जास्त शोभतो, कारण वजन मध्यावर राहते आणि नाक पाण्यात खुपसत नाही. कुवेतच्या समुद्रात शमाल वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे कमी डोलणारी होडी बरी. अर्थात शमाल सुटला असताना होडी बाहेर काढूच नये हे सर्वांत बरे. लाइफ जॅकेटशिवाय आणि तटरक्षक दलाचे नियम माहीत करून घेतल्याशिवाय तर मुळीच नको.

देखभालीत सरकते आसन सोपे. आसन उचलून काढा, रूळ पुसा, झाले. सरकत्या रिगरची चाके आणि सांधे दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे लागतात. इथल्या खाऱ्या आणि धुळीच्या हवेत हा आळस महागात पडेल.

जिममध्येही हा फरक अनुभवता येतो. नेहमीच्या मशीनवर तुम्ही सरकता आणि मशीन स्थिर असते. तेच मशीन खाली चाकांचे रूळ लावून ठेवले, किंवा पायफळीच सरकते असे मशीन घेतले, तर तुम्ही जवळजवळ जागेवर राहता आणि पायाखालचे यंत्र पुढे-मागे जाते. पाण्यावरच्या होडीची जाणीव याच मशीनवर जास्त खरी येते, कारण तिथेही हलके तेच पळते. दर फटक्याला आपले अख्खे वजन थांबवून उलट फिरवावे लागत नाही. जिममध्ये दोन्ही प्रकार असतील तर दहा-दहा मिनिटे करून बघा. वरचा सगळा लेख पायांना आपोआप कळेल.

आणि शेवटी एक घरगुती गोष्ट. इथली आपली बरीच मुले बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला जातात. पुण्याचे रोइंगशी नाते जुने आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचा बोट क्लब १९२८ चा. दरवर्षी तिथे विद्यार्थीच रेगाटा भरवतात. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याचे रोइंग केंद्र आहे, दत्तू तिथेच घडला. मुलगा किंवा मुलगी पुण्यात शिकायला गेली तर प्रवेश, हॉस्टेल आणि मेसच्या चौकशीबरोबर बोट क्लबचीही एक चौकशी करायला सांगा. पोहता येते ना, एवढे मात्र आधी पक्के करा.

वाचकांपैकी कुणी कॉलेजात किंवा सैन्यात रोइंग केले असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमचा अनुभव वाचायला सर्वांना आवडेल.